ताईच्या गच्चीवरचे बटाटे

केतकीचा फोन आला तेव्हा मी जयपूरला, मुरलीपुऱ्यातल्या ताईच्या स्वयंपाकघरात तिच्यासाठी मऊ भात शिजवत होते. ऑपरेशन नीट पार पडलं होतं, ताई शुद्धीवर आली होती, पाणीही मागितलं होतं... म्हणून मी दवाखान्यातून जरा घरी आले होते. "मावशी," एवढंच मराठीत म्हणून माझी भाची पुढे हिंदीतच रडली, "आई नहीं रही..." मी गॅस बंद केला आणि तिथंच उभी राहिले.

माझी ही थोरली बहीण, शैलाताई, मुळात भित्री. मेव्हण्यांच्या बँकेच्या बदलीनं साताऱ्याहून जयपूरला आली आणि इथलीच झाली. पण सुई पाहिली की साठीतही मान फिरवायची. मेव्हणे गेल्यावर मायलेकी दोघीच राहिल्या. मागच्या पावसाळ्यानंतर ताईला धाप लागायला लागली. हृदयाची झडप खराब आहे, ऑपरेशन लवकर करा, असं डॉक्टरांनी बजावलं. दिवाळी झाल्यावर करू, म्हणाली. दिवाळी झाली, आणि बाईनं कोंब आलेले बटाटे चिरून गच्चीवर रंगाच्या रिकाम्या बादल्यांत आणि सिमेंटच्या गोणींत लावले. जिन्यात दोनदा बसायची, पण वर जायचीच. रोपं वाढली की मातीची भर घालायची. "बटाटे निघाले की लगेच ॲडमिट होते," फोनवर तिचं हे ठरलेलं वाक्य.

थंडीत मी जयपूरला आले. एका सकाळी तिच्यामागून गच्चीवर गेले, तर ती पिवळी पानं खुडून स्वेटरच्या खिशात कोंबत होती. मला पाहून दचकली.

"कीड लागलीय."

कीड कसली! पाला पिवळा पडला की बटाटे तयार, हे तिनंच मला सांगितलं होतं. रविवारी केतकी वर येऊन बघायची, तिला कळू नये म्हणून हा खटाटोप.

"ताई, खरं सांग."

"भूल देतील ना गं... आणि मी उठलेच नाही तर? केतकीला साधं वरण येत नाही अजून."

"भीती मलाही वाटते," मी म्हटलं, "पण रात्रभर तुझी धाप ऐकत पडायचं, त्याची जास्त वाटते."

तिनं एक बादली आडवी केली, माती चाचपली. लिंबाएवढे, काही मुठीएवढे बटाटे निघाले. "झालेत की गं..." सगळ्या गोणी तिनं त्याच दिवशी रिकाम्या केल्या आणि संध्याकाळी केतकीला डॉक्टरांना फोन लावायला सांगितलं.

...आता केतकीनंही हृदय तपासून घ्यावं, असं डॉक्टर म्हणतात. हा दोष कधीकधी घराण्यात असतो म्हणे. सीतापुऱ्याला नोकरीवर निघताना काल ती म्हणाली, "मार्च एंडिंग होऊ दे ना मावशी, फिर पक्का." हसत म्हणाली, पण तिचे ओठ पांढरे पडले होते. माझीही जीभ रेटेना. एकीला मीच तयार केलं होतं, ती परत आली नाही. आता दुसरीला कुठल्या तोंडानं सांगू?

तरी मी तिच्या हातातलं हेल्मेट काढून घेतलं. "आजच जाऊ. मी आहे बरोबर."

"तुला डर नाही लागत?"

"लागतो. खूप."

ती रडली. मग तोंड धुऊन आली आणि ऑफिसला फोन केला. रिक्षात तिनं माझा हात धरला तो दवाखान्याच्या दारापर्यंत सोडला नाही... मीही सोडू दिला नाही.