आर्डिसनं एकदाच नको म्हटलं

आमच्या लिंडेन प्रेअरी गावात लुथरन पंथाची चर्चं दोन. एक नॉर्वेहून आलेल्या आमच्या पूर्वजांचं, एक स्वीडिशांचं. मध्ये एक रस्ता आणि शंभर वर्षांचा अबोला. रविवारी दोन्हीकडची मिळून अठ्ठावन्न माणसं भरतात, तीही गुडघ्यांनी साथ दिली तर. म्हणून एक व्हायची बोलणी सुरू झाली. प्रार्थना स्वीडिशांकडे, कारण त्यांचं छप्पर गळत नाही. जेवणं आमच्याकडे, कारण आमचं तळघर ऐसपैस. शाळा सुटल्यावर पोरांना तिथेच गरम जेवण घालायचं, म्हाताऱ्यांना दवाखान्यात न्यायला एक गाडी ठेवायची, हेही ठरलं. देवाबद्दल कुणाचंच दुमत नव्हतं. प्रश्न होता तो स्वयंपाकघराचा.

आमचं स्वयंपाकघर म्हणजे आर्डिस नेरीसन. वय एकोणऐंशी, त्यातली एक्केचाळीस वर्षं त्या तळघरात. लग्न असो की मयत, तिच्या हुकमाशिवाय पातेलं हलत नाही. नवरा गेला, त्याच्या चौथ्या दिवशी ती तिथे कॉफी उकळत होती. आमच्या रीतीप्रमाणे कॉफीच्या पुडीत अंडं फोडून, टरफलासकट, म्हणजे गाळ खाली बसतो.

"घरी बसून काय करू?" म्हणाली. "घरात कुणी चुकतच नाही."

आता आमच्याकडे कुणी काही देऊ केलं, की आधी 'नको' म्हणायचं, मग 'कशाला उगाच', आणि तिसऱ्यांदा घ्यायचं. पहिल्या फटक्यात हो म्हणणारा हावरट ठरतो. पास्टर वेस्ली मात्र टेक्ससचे, येऊन जेमतेम पाच महिने झालेले. माणूस देवाचा, पण 'नको'चा अर्थ त्यांच्या लेखी नको.

दोन्ही चर्चच्या एकत्र सभेत त्यांनी विचारलं, "आर्डिस, नव्या चर्चचं स्वयंपाकघर तुम्ही सांभाळाल ना?"

"छे, मी कसली? आता नव्या माणसांनी बघावं," आर्डिस म्हणाली आणि हात मांडीवर ठेवून पुढच्या विचारण्याची वाट बघत बसली.

"तुमच्या मनाचा मान राखायलाच हवा!" पास्टर म्हणाले आणि टाळ्या वाजवू लागले. आम्हीही वाजवल्या. मी तर तिच्या शेजारीच बसून वाजवल्या. 'अहो, परत विचारा' असं उठून सांगणं आमच्यात असभ्यपणा!

मग त्यांनी स्वीडिशांचं स्वयंपाकघर बघणाऱ्या व्हर्ना एकब्लॅडला विचारलं. "नाही बाई," व्हर्ना म्हणाली. पास्टरनी वहीत लिहिलं: जेवण बाहेरून मागवणे. सभेत फक्त खुर्च्या करकरल्या.

आठ दिवस आर्डिस तळघराची पायरी उतरली नाही. "बरंच झालं. जरा विश्रांती," ती म्हणे आणि धुतलेले पडदे पुन्हा धुवायला काढी. गुरुवारी ते टांगायला तिनं मला शेजारधर्म म्हणून स्टुलावर चढवलं होतं, तेवढ्यात रस्ता ओलांडून व्हर्ना आली. अंगातला कोट न काढता बसली.

"आर्डिस, स्वयंपाकघर तू घे."

"नको गं."

"घे म्हणते ना."

"कशाला उगाच. माझे गुडघे हे असे."

व्हर्ना उठून दाराकडे निघाली. मी पडदा हातात धरून स्टुलावरून वाकून बघितलं. दाराच्या मुठीवर हात ठेवून ती वळली.

"तुझी कॉफी कडू असते. पण विकतच्या डब्यांपुढे अमृत. घे मुकाट्यानं."

"आता तू एवढं म्हणतेसच, तर..." आर्डिस म्हणाली, आणि आठ दिवसांत पहिल्यांदा तिचा चेहरा सैल झाला.

व्हर्ना मात्र दारातून हलेना.

"आता काय?" आर्डिसनं विचारलं.

"पास्टरनी मलाही एकदाच विचारलं होतं, बाई."

आर्डिस शेजारची खुर्ची बाहेर ओढून म्हणाली, "व्हर्ना, माझ्या जोडीला येशील?"

"मला कुठलं जमायला!" म्हणत व्हर्नानं कोटाचं पहिलं बटण काढलं.