चकावरचा हार

वाडीत ट्रान्सपोर्टच्या गोदामांमागे आमचं लेथचं वर्कशॉप आहे. लेथ म्हणजे लोखंड फिरवून कातायचं मशीन. ते बाबा चालवायचे. मी त्यांची मुलगी, आयटीआय करून आलेली. गिऱ्हाइकं सांभाळणं आणि नव्या माणसांना मशीनचे शब्द समजावणं माझ्याकडे. माणसं शब्द ऐकून माना डोलावतात आणि समजलेलं काहीच नसतं, हे मला तिथेच कळलं.

चक म्हणजे लोखंडाचा तुकडा घट्ट धरून फिरणारा जबडा. गार्ड म्हणजे फिरत्या भागावरचं झाकण. अडचण होते म्हणून ते काढून ठेवायचं नसतं. इमर्जन्सी म्हणजे लाल बटण. ते दाबलं की मोटरची वीज तुटते. आमच्या जुन्या लेथवर चक मात्र लगेच थांबत नाही, आपल्या वजनाने फिरत राहतो. हे मी पुन्हा पुन्हा सांगते, कारण बटण म्हणजे ब्रेक असा सगळ्यांचा समज.

बाबांचा नियम एकच होता. चालू मशीनवर काही पडलं, तर ते गेलं समजायचं. "हात घालाचा नाही गा. वस्तू दुसरी भेटते," असं ते प्रत्येकाला दरडावून सांगत. एवढी वर्षं काम करून सगळी बोटं शाबूत, म्हणून आजूबाजूचे लोक त्यांचं कौतुक करायचे. बाबांना ते मुळीच जड जात नसे.

दसऱ्याला काम बंद ठेवून मशीनची पूजा होते. आई चकाला हळदकुंकू लावते आणि लाल बटणालाही, कारण तेच सगळ्यात पुढे आलेलं दिसतं. चकावर उजेड पाडणाऱ्या दिव्याच्या दांडीला झेंडूचा हार बांधतात. तो कोणी काढत नाही. वाळून आपोआप पडेपर्यंत तसाच. गेल्या वर्षी दुसऱ्या दिवशी काम सुरू करताना मी बाबांना म्हटलं, हार काढा.

"काहून काढू? दसऱ्याचा हाय तो. राहू दे."

मी वाद घातला आणि हरले.

पुढे काही दिवसांनी मशीन चालू असताना हाराची एक गाठ सुटली आणि टोक गार्डच्या कडेने चकाकडे खाली आलं. चिंधी असती तर बाबांनी ढुंकून पाहिलं नसतं. पण देवाचं फूल खाली पडताना आपण ओंजळ पुढे करतो, तसा त्यांचा हात पुढे गेला. दोरा चकाभोवती गुंडाळला आणि बोटंही ओढली गेली.

मी बटण दाबलं. मोटर बंद झाली, चक फिरतच होता. तेवढ्या वेळात मला जो राग आला तसा जन्मात आला नव्हता. तो मशीनवर नव्हता, हारावर नव्हता, बाबांवर होता.

डॉक्टरांनी बोटं वाचवली, पण उजवी मूठ नीट वळत नाही. आता लेथ मी चालवते आणि बाबा स्टुलावर बसून पाहतात. परवा चकात तुकडा आवळून झाल्यावर मी सहज म्हटलं, "बाबा, घट्ट झालं का पाहा ना." त्यांनी चक आवळायची चावी घेतली, चकाला लावली, उजव्या हाताने दाबून पाहिलं. मग डाव्याने. मग पुन्हा उजव्याने. शेवटी चावी माझ्या हातात दिली.

"तूच पाह वं. हाताले समजूनच नाही राहिलं."