मुदत संपलेल्यांचे वकील: तात्यासाहेब हेर्लेकर

तात्यासाहेबांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी अनवाणी होते. माझ्या चपला माडीवर होत्या आणि माडीच्या जिन्याला कुलूप लागले होते. कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाल्यानंतरच्या एका उन्हाळ्यातली ही गोष्ट. शुक्रवार पेठेत शामराव नावाच्या गूळव्यापाऱ्यांच्या माडीवर दोन खोल्या भाड्याने घेऊन मी राहत होते. पुढच्या खोलीत मुलींचा शिवणवर्ग आणि मागच्या खोलीत माझा संसार. संसार म्हणजे मी एकटीच. यजमान विषमज्वराने गेल्यावर आजऱ्याला परत जावे असे सर्वांचे म्हणणे होते. मी गेले नाही. पोटापुरते शिवणकाम येत होते, त्यावर उभी राहिले.

त्या सकाळी मी खाली नळावर पाणी भरत असताना शामरावांनी जिन्याचे दार बंद करून कुलूप घातले. भाडेचिठ्ठीची मुदत आदल्या दिवशी संपली होती आणि ती वाढवून द्यायला त्यांनी आधीच नकार दिला होता. शामराव उद्धट नव्हते. त्यांनी मला एवढेच सांगितले, "बाई, पेठ वडगावचा माझा भाऊ बायकापोरं घिऊन यायलाय. त्याला जागा पायजे. मुदत संपली, कागदावर सही तुमचीच हाय." सही माझीच होती. मुदत संपताच विनातक्रार जागा खाली करून देईन, असे मी लिहून दिले होते. वर्गाच्या मुली बोळात येऊन उभ्या राहिल्या. त्यांतल्या एकीच्या आईने मला हाताला धरून महाद्वार रोडच्या मागे तात्यासाहेबांच्या घरी नेले.

या गौरवग्रंथात तात्यासाहेबांच्या कायद्याच्या व्यासंगाविषयी त्यांचे सहकारी अधिकाराने लिहितील. तो माझा विषय नव्हे. मला त्यांचे वकीलपण कसे दिसले, तेवढेच या षष्ट्यब्दीच्या निमित्ताने सांगणार आहे.

ते कोर्टात जाण्याच्या तयारीत होते. पगडी डोक्यावर होती, कोट खुंटीवर. भाडेचिठ्ठीचे मी सांगू लागले तेव्हा त्यांनी मला हाताने थांबवले आणि आधी बसायला सांगितले. पत्नीला, म्हणजे आम्हा सर्वांच्या काकूंना, हाक मारून पाणी आणवले. मग विचारले, "भाडं वेळच्या वेळी देता?"

मी हो म्हटले.

"यापुढंही द्याल?"

"देईन."

"मग घाबरू नका. मुदत कागदाची संपली आहे. तुमची संपलेली नाही."

मला त्या बोलण्याचा अर्थ कळला नाही आणि माझ्या चेहऱ्यावरून ते त्यांना कळले असावे. कोर्टाची वेळ होत आली होती, तरी त्यांनी मला सारे समजावून सांगितले. विलीनीकरणानंतर मुंबईचा भाडेकायदा आपल्याकडे लागू झाला होता. त्या कायद्याप्रमाणे, ठरलेली मुदत संपली एवढ्याच कारणाने भाडेकरूला घराबाहेर काढता येत नाही. तो भाडे देत असेल, द्यायला तयार असेल आणि जागा नीट वापरत असेल, तर त्याचा राहण्याचा हक्क चालू राहतो. जागा हवीच असेल तर मालकाने कोर्टात जावे, कारण सांगावे, ते पटवून द्यावे. कुलूप लावणे हे त्यात कोठेच बसत नाही. कागदावरची सही हीच माझ्या गळ्यातली दोरी, असे मी समजत होते. कायदा कोणाच्या तरी बाजूने असू शकतो आणि ती बाजू माझ्यासारखीची असू शकते, हे मला त्या दिवशी प्रथम कळले.

त्यांनी कोट चढवला आणि मला वाटले की ते कोर्टाकडे निघाले. पण ते माझ्याबरोबर शुक्रवार पेठेत चालत आले. शामरावांना त्यांनी नमस्कार केला, गुळाच्या दराची चौकशी केली, मग कुलपाकडे पाहिले. शामराव म्हणाले, "वकीलसाहेब, घर माझं न्हाय व्हय?"

"घर तुमचंच आहे," तात्यासाहेब म्हणाले. "पण त्यात राहणाऱ्या माणसाला बाहेर काढायचं की नाही, ते तुम्ही एकट्यानं ठरवायचे दिवस गेले. तेवढं कुलूप काढा."

शामरावांनी किल्ली काढली आणि कुलूप उघडले. मी वर धावले. पाण्याची घागर ठेवून खिडकीतून पाहते तो तात्यासाहेब खाली शामरावांच्या शेजारी बाकावर बसलेले. आवाज स्वच्छ ऐकू येत होता. ते शामरावांना सांगत होते की भावाची गरज खरी असेल तर कायद्यात त्यासाठीही वाट ठेवली आहे. अर्ज कसा करायचा, काय सिद्ध करावे लागते, चांगला वकील कोण. माझ्या वकिलांनी माझ्याविरुद्ध लढायची तयारी करून द्यावी याचा मला त्या क्षणी संताप आला. तो संताप पुढे ज्यात बदलला, त्याला आदर हा शब्दही मला अपुरा वाटतो.

शामरावांनी दावा लावला. भाऊ खरोखरच आला होता आणि खालच्या एका खोलीत दोन्ही कुटुंबे दाटीवाटीने राहत होती. तारखेच्या आधी तात्यासाहेब एका दुपारी वर्गात आले आणि कोपऱ्यात खुर्ची टाकून मुलींचे काम संपेपर्यंत बसून राहिले. मुली आधी बावरल्या, मग विसरून गेल्या. निघताना त्यांनी मागच्या खोलीत डोकावले. तिथे माझी खाट, चूल आणि एक पेटी होती. त्यांनी मला सरळ विचारले की ही खोली गेली तर वर्ग बंद पडेल का. मी खाटेवरची चादर सारखी करू लागले. ते म्हणाले, "बाई, तुमच्यासाठी मी लागेल तेवढं भांडेन. पण ही खोली गेली तर वर्ग बुडेल, असं मी कोर्टात म्हणणार नाही. कारण तो बुडणार नाही."

कोर्टात त्यांनी शामरावांच्या भावाची अडचण नाकारली नाही. शिवणवर्ग मोडला तर माझ्यावर आणि त्या मुलींवर काय ओढवेल, तेवढे मांडले आणि कोणाचे हाल अधिक होतील ते न्यायाधीशांनी तोलून पाहावे, अशी विनंती केली. जागेची वाटणी करता येते, असेही त्यांनीच सुचवले. निकाल तसाच लागला. मागची खोली शामरावांच्या भावाला गेली, पुढची माझ्याकडे राहिली. चूल मी गॅलरीत मांडली. भावाच्या पत्नी चंपाबाई पहिले कित्येक आठवडे माझ्याकडे पाहतही नसत. पुढे त्या वर्गात येऊन बसू लागल्या आणि आज माझ्या गैरहजेरीत त्याच वर्ग चालवतात.

त्यानंतर रविवारी दुपारी माझ्या खोलीत बायका जमू लागल्या. कोणाची मुदत संपत आलेली, कोणाच्या नवऱ्याने न वाचता सही केलेली, कोणाचा नळ मालकाने बंद केलेला. तात्यासाहेब येत आणि सतरंजीवर बसून प्रत्येकीचे ऐकत. कायद्याचे अवघड शब्द ते वापरतच नसत. घाईत कोणतेही पत्र लिहून देऊ नका, भाडे थांबवू नका, मालक घेत नसेल तर मनिऑर्डरने पाठवा, हे ते इतक्या वेळा सांगत की मुलींना ते पाठ झाले होते. अर्थात सरसकट भाडेकरूंचे ते कैवारी नव्हते. एकदा एक गृहस्थ आले. स्वतःचे बांधलेले घर त्यांनी दुसऱ्याला भाड्याने दिले होते आणि स्वतः राहत होते ती एका म्हाताऱ्या विधवेची खोली त्यांना मुदतीनंतरही अडवून धरायची होती. तात्यासाहेबांनी त्यांना चहा पाजला आणि खोली सोडायला सांगितले. त्या गृहस्थांचे वकीलपत्र त्यांनी घेतले नाही.

आता जी हकिकत सांगते, तिच्या वेळी मी स्वतः तिथे हजर होते. तात्यासाहेबांच्या स्वतःच्या घराची माडी टपालकचेरीतले कारकून महादेव चव्हाण यांना भाड्याने दिलेली होती. महादेव मूळचे कोडोलीचे. म्हाताऱ्या आईच्या डोळ्यांवर इथल्या दवाखान्यात उपचार चालू होते, म्हणून ते तिला घेऊन शहरात राहत. त्या वर्षी तात्यासाहेबांचे जावई क्षयाने आजारी पडून मिरजेच्या दवाखान्यात दाखल झाले आणि त्यांची मुलगी शांता लेकरांना घेऊन माहेरी आली. खाली जागा पुरेना. माडीच्या करारनाम्याची मुदत नेमकी त्याच सुमारास संपत होती. कोर्टातल्या वकिलांच्या खोलीत याची चर्चा झाल्याचे मी नंतर ऐकले. आता तात्यासाहेब काय करतात ते बघू, असे बरेच जण म्हणत होते.

मी शांताच्या मुलींचे झगे घेऊन गेले होते. काकू आणि मी झग्यांचे माप पाहत असताना महादेव माडीवरून उतरले आणि दाराशी उभे राहिले. "साहेब, मुदत भरली. गाडी सांगून आलोय. उद्या सकाळी आई न् मी कोडोलीला जातो. सायकलनं येऊनजाऊन करीन."

काकूंचा चेहरा उजळलेला मी पाहिला. शांताने पदराने डोळे पुसले.

तात्यासाहेबांनी महादेवांना आत बोलावले, बसवले आणि म्हणाले, "महादेव, मुदत संपली म्हणून तुम्हाला जावं लागत नाही. तुम्ही भाडं देता, तोवर मी तुम्हाला काढू शकत नाही. हे तुम्हाला माहीत आहे का?"

महादेव गोंधळले. "पर साहेब, मालक तुम्हीच की."

"म्हणून तर मीच सांगायला हवं. मला जागेची गरज आहे, ते तुम्हाला दिसतंय. मी कोर्टात गेलो तर कदाचित मला मिळेलही. पण तुमचा हक्क तुम्हाला ठाऊक नाही म्हणून तुम्ही निघून जावं आणि मी गप्प बसून ते बघावं, हे माझ्याच्यानं व्हायचं नाही. आता आईंना विचारा आणि काय ते ठरवा."

काकू उठून स्वयंपाकघरात गेल्या. महादेव वर गेले. थोड्या वेळाने खाली आले ते तात्यासाहेबांच्या पाया पडायला. आईचे डोळे बरे होईपर्यंत राहतो, म्हणाले. तात्यासाहेब पाय मागे घेत म्हणाले की अशी अट त्यांनी स्वतःवर घालून घेऊ नये.

त्या आठवड्यात तात्यासाहेबांची बैठकीची खोली शांताला आणि मुलांना मिळाली आणि त्यांची कचेरी बाहेरच्या उघड्या सोप्यावर आली. पावसाळ्यात झड आत येई, कागदांवर पाट्या ठेवाव्या लागत, पक्षकार खांबाला टेकून बसत. दोन पावसाळे त्यांनी तसे काढले. कोर्टात ते कधीच गेले नाहीत. जावई बरे झाले, शांता आपल्या घरी गेली. महादेवांच्या आईंना आता एका डोळ्याने दिसते आणि मायलेक अजून त्याच माडीवर आहेत.

हा लेख लिहायला घेतला तेव्हा मी काकूंना भेटले आणि त्या दिवसाविषयी लिहू का, असे विचारले. काकू म्हणाल्या, "लिहा. पण मी किती रागावले होते तेही लिहा. लेकीचं तोंड बघवत नव्हतं. मी यांच्याशी बोलणं टाकलं होतं. रात्रंदिवस वाटायचं, जगाचा न्याय करणाऱ्या माणसाच्या घरात माझ्या लेकीला खोली मिळत नाही." मग त्या म्हणाल्या, "आणि एका सकाळी यांना कोर्टात पाठवलं आणि सोप्यावरचं टेबल, खुर्ची, कपाट सगळं मीच लावून घेतलं. संध्याकाळी आले, बघितलं, जेवायला बसले."

अशा या माणसाच्या घरी मी अनवाणी गेले आणि तेव्हापासून त्यांच्या सावलीत राहिले, हे माझे भाग्य. अंबाबाईने तात्यासाहेबांना निरोगी, भरपूर आयुष्य द्यावे. त्यांची नजर आणि त्यांचे पाय धड राहावेत, रंकाळ्यावरचा सकाळचा फेरा चुकू नये, आणि तो संपवून ते घरी येतील तेव्हा काकू दारात उभ्या असाव्यात.