सहा मिनिटं गप्प

गेल्या वर्षी आमच्या गल्लीनं सकाळी आठ वाजून दोन मिनिटांनी मला अर्धांगवायू झाल्याचं जाहीर केलं. त्या वेळी मी चालत होतो. तेही चांगला झपाझप!

निपाणीत खत-बियाणांच्या दुकानात बसून माझी चाळीस वर्षं बोलण्यात गेली. (एक पोतं युरिया न्यायला आलेला माणूस माझ्याकडनं तासाभरानं सुटायचा.) मग एक दिवस छातीत कळ आली. बेळगावच्या दवाखान्यात स्टेंट घातला आणि सोडताना डॉक्टर म्हणाले, आता तीन महिने व्यायाम, पण त्यासाठी इथं हेलपाटे घालू नका, मोबाईलवरच होईल.

झालं! आठवड्यातनं तीनदा दीपा नावाची फिजिओथेरपिस्ट पोरगी बेळगावातनं व्हिडिओ कॉल करायची. मी खुर्चीवरनं उठबस करायचो आणि माझी बायको राजमती मोबाईल धरून माझ्या चहाड्या करायची. काल काय खाल्लं, असं दीपानं विचारलं की मी 'दोन मिरचीभजी' म्हणायच्या आत ही 'सात' म्हणून मोकळी. माझ्याच हृदयाबद्दल मला बोलायची सोय राहिली नव्हती.

तरी मी हे सगळं निमूट सोसत होतो, कारण प्रश्न निपाणीचा होता. आमचा मुलगा अभय पुण्याला असतो. माझं आजारपण झाल्यापासनं त्यानं एकच धोशा लावला होता, की तुम्ही दोघं आता तिथं एकटे राहू नका, माझ्याकडं या. पोरगा गुणाचा आहे. पण त्याचा फ्लॅट बाराव्या मजल्यावर! आदल्या दिवाळीत चार दिवस राहिलो होतो. लिफ्टमध्ये 'काय, कुठं निघालात?' म्हटलं की माणसं मधल्याच मजल्यावर उतरायची. तिथं कायमचं जायचं या कल्पनेनंच मला पुन्हा छातीत कळ येईल असं वाटायचं.

शेवटी तह झाला. तीन महिन्यांनी शेवटची चाचणी होती, सहा मिनिटांत किती चालता येतं त्याची. पास झालो तर निपाणी, नापास झालो तर पुणे.

दीपानं नियम सांगितले. तीस मीटरचा सरळ रस्ता, दोन टोकांना दोन खुणा, मधनं फेऱ्या मारायच्या. बारा फेऱ्या झाल्या पाहिजेत. पळायचं नाही. घरात तीस मीटर कुठनं आणायचे? म्हणून गल्ली ठरली. ऐनवेळी टेप सापडेना, तर राजमतीनं साडी आणली. साडी साडेपाच मीटरची, ती साडेपाच वेळा टाकली की झाले तीस! एका टोकाला बादली ठेवली, दुसऱ्या टोकाला खुर्ची.

"आणि आण्णा, चालताना बोलायचं नाही," दीपा म्हणाली. "एक शब्दपण नाही."

त्यात काय अवघड आहे, असं मी म्हणालो. राजमती तेव्हा का हसली, याचा मी विचार करायला हवा होता.

आठ वाजता सुरुवात झाली. राजमती मधोमध मोबाईल धरून उभी. मोबाईलमध्ये अर्ध्या भागात दीपा, अर्ध्या भागात पुण्याहून अभय. मी निघालो आणि दहा पावलांवर समोरच्या चंपाआक्का झाडू घेऊन बाहेर आल्या.

"काय आण्णा, कुठं निघालासा?"

आमच्याकडं या प्रश्नाला उत्तर न देता पुढं जाणं म्हणजे भांडण उकरून काढणं. पण प्रश्न निपाणीचा होता! मी तोंड मिटून हसलो. तोंड मिटून हसायची मला सवय नाही, त्यामुळं ते जरा वाकडं झालं. परत येताना त्यांनी नाष्टा झाला का विचारलं. मी पुन्हा तसंच हसलो. तिसऱ्या फेरीला आक्कांनी झाडू खाली टाकला आणि शेजारच्या बाबू शिंप्याला हाक मारली.

"आण्णाचं तोंड वाकडं झालंय रं. वाचा बी गेलीया."

बाबू मशीन सोडून आला आणि माझ्याबरोबर चालत, माझं नाव सांगा बघू, म्हणायला लागला. मी त्याला तीन बोटं दाखवली, म्हणजे तीन मिनिटं राहिली. त्यावर त्यानं हात शाबूत असल्याचं गल्लीला कळवलं. दूधवाला म्हणाला, मराठी गेली असेल, कानडी शिल्लक असेल, आणि त्यानं तोच प्रश्न कानडीत विचारला. राजमती बिचारी ओरडून सांगत होती की काही झालेलं न्हाय, ही परीक्षा आहे. तर आक्का म्हणाल्या, हिला धक्का बसलाय, हिला आधी पाणी द्या.

मग आक्का घरात गेल्या आणि मला हुंगवायला फोडलेला कांदा घेऊन आल्या. आम्ही जैन. जन्मात आमच्या उंबऱ्याच्या आत न आलेला कांदा थेट माझ्या नाकाशी! मी वेग वाढवला. मागं कांदा घेऊन आक्का, त्यांच्यामागं बसवायला खुर्ची (म्हणजे माझी खूण!) घेऊन बाबू, आणि मला दवाखान्यात न्यायला कोपऱ्यावरनं रिव्हर्समध्ये येणारी रिक्षा. पळायचं नव्हतं म्हणून पळालो नाही, एवढंच.

"टाइम!" दीपा ओरडली. "आण्णा, चौदा!"

"आधी तो कांदा बाजूला घ्या," मी म्हणालो.

"बोलला रं, बोलला," म्हणत आक्का पायरीवर बसल्या आणि पदरानं डोळे पुसायला लागल्या. माझ्यासाठी आणलेल्या खुर्चीवर बाबू स्वतःच बसला. मला एकदम भरून आलं. मी सगळ्यांना सगळं नीट समजावून सांगितलं. (त्याला पाऊण तास लागला. रिक्षावाला विसाव्या मिनिटाला गेला.)

अभय अजून फोनवर होता. म्हणाला, "आण्णा, तुम्ही तिथंच राहा."

मी छाती फुगवली. म्हटलं, बघितलंस ना हृदय? चौदा फेऱ्या!

"हृदयाचं न्हाय हो," तो म्हणाला. "तिथं तुम्ही दोन मिनिटं गप्प बसलात तर अख्खी गल्ली रिक्षा घेऊन धावत येते. इथं गप्प बसलात तर लोक माझे आभार मानतील."