अकरा दिवसांची शिळी पुडी

चिन-मेईच्या तोंडी लागू नये, हे तैवानातल्या आमच्या चुतुंग गावातलं शेंबडं पोरही जाणतं. "सव्वीस वर्षांतली माझी एक चूक दाखव!" म्हणून ती भाजीवालीलाही गप्प करायची.

कारखान्यात तिचं काम मोठ्या सर्व्हरच्या मेमरी-पट्ट्या तपासायचं. ट्रेमधून उचलायच्या, यंत्रात दाबायच्या, तापवून बघायच्या. पास झालेला ट्रे उजवीकडे. पट्ट्याही मानाच्या. मधली चिप हुकूम आधी स्वतः ऐकते, मग बाकीच्या चिपांना वाटून देते. एखादा आकडा चुकलाच तर सर्व्हर गुपचूप सुधारून घेतो, कुणाला पत्ता लागत नाही. दोन एकदम चुकले, की मात्र जागीच बसतो.

यंत्र शहाण्यासारखं चालावं म्हणून त्यावर नारळाच्या कुरकुऱ्यांची पुडी ठेवायची आमच्याकडे रीत, तो मानही तिचाच. पुडी हिरवीच हवी, तारीख उलटलेली नको, नाहीतर यंत्र रुसतं. लाल पुडी आणणाऱ्या साहेबाला तिनं दारातूनच परत धाडलं होतं.

सोमवारी नवी आलेली शु-लान ओरडली, "अगंबाई! ताई, पुडी शिळी की हो! तारीख उलटून अकरा दिवस झाले."

"यंत्राला जुलाब होणार!" कुणीतरी म्हणालं. खोली खिदळली. इंजिनियर फंग तेवढा हसला नाही.

चिन-मेईनं त्याला गरम पाण्याच्या नळापाशी गाठलं. "तुझं तोंड का उतरलं रे?"

"ताई, वर्षभर चाललंय. न तपासलेले ट्रे तुम्ही उजवीकडे ठेवता. मी जेवणाच्या सुट्टीत ते शोधून यंत्रात लावतो, तपासतो."

"किती?"

"सात."

"मग सापडले ना सगळे!"

"मी लग्नाच्या रजेवर होतो, त्या आठवड्यातले नाही."

त्या आठवड्याच्या खोक्यांवर चिठ्ठ्या तिनंच चिकटवल्या होत्या. माल गेला होता गावातल्या मोठ्या इस्पितळाच्या सर्व्हरसाठी. तिचा नवरा आठवड्यातून तीनदा तिथेच रक्त शुद्ध करून घ्यायला जातो. उद्या त्याची पाळी.

तिनं माल परत बोलावायचा कागद ओढला.

"कुठला ट्रे, ताई?"

पेन थांबलं. त्या आठवड्यात डब्यात काय होतं, शेजारी कोण बसलं होतं, काहीच आठवेना. शेवटी तिनं लिहिलं, 'सगळे.'

"नोकरी जाईल, ताई."

"जाऊ दे. विसरायच्या आत लिहू दे मला."

फंगनं इस्पितळात फोन लावला, स्पीकरवर. पलीकडचा माणूस भलताच खुशीत होता. "अहो, सगळं सुरळीत चाललंय! वर्षात कसली तक्रार नाही. बदलायचंच तर पुढच्या महिन्यात या."

"माझ्याबद्दलही नव्हती," चिन-मेई म्हणाली. "त्यांना सांग, ते सर्व्हर आजच बंद करा."

फंग पुन्हा बोलू लागला. तिनं नवी हिरवी पुडी आणून यंत्रावर ठेवली, तारीख वाचली. दारापर्यंत गेली, परत आली, तारीख वाचली. तिसऱ्यांदा आली तेव्हा फंगनं फोनवरचं बोलणं अर्धवट सोडून तिच्याकडे पाहिलं.