फ्रीजमधली पुडी

गल्लीत त्याला छत्रीवाला म्हणत. तो घरात धिंगरी अळिंबी, म्हणजे छत्रीसारखं खायचं मशरूम, लावायचा, म्हणून पडलेलं नाव. एकदोघे खरोखरच मोडकी छत्री घेऊन आले, तर त्याने ती हसत दुरुस्त करून दिली. अळिंबीची थट्टा मात्र त्याला खपत नसे.

बाकीचे तयार बियाणं आणत, याला घरचंच हवं. अळिंबी पूर्ण उमलली की तो ती काळ्या कागदावर ठेवायचा. कागदावर बीजाणूंची पांढरी भुकटी पडायची. ती वाळवून पुडी बांधायची, फ्रीजमध्ये ठेवायची आणि लागेल तेव्हा चिमूटभर रुजत घालायची. या कामाला वारा चालत नाही, दुसरी बुरशी तर मुळीच नाही. म्हणून त्याने घरातली सगळ्यात स्वच्छ खोली निवडली, झोपायची.

बायकोला खोकला लागला.

"खिडकी उघडू का जरा?"

"नको गं, सगळ्याची वाट लागेल. सर्दी आहे, जाईल."

ती ऐकायची. इथे दोघांचाही राग येतो, त्याचा जरा जास्त.

एका सकाळी तिला दम लागून वाक्यही पुरं करता येईना. डॉक्टरांनी घरात काय काय आहे ते विचारलं. त्याने मोठ्या कौतुकाने सगळं सांगितलं.

"ती भुकटी यांच्या छातीत जातेय," डॉक्टर म्हणाले. "सगळं घराबाहेर काढा. पुन्हा असं झालं तर फुप्फुसं सावरायची नाहीत."

तो घाबरला, अगदी मनापासून. अळिंबी वाढवायच्या पिशव्या फेकल्या, भिंती पुसल्या, खिडक्या सताड उघडल्या. ती हळूहळू जिने चढू लागली, त्याला टोमणेही मारू लागली.

फ्रीजमधून तिची औषधाची बाटली काढताना त्याला मागे राहिलेली पुडी दिसली. फेकायला हात होईना. इतक्या वर्षांचं घरचं बियाणं! अजून रुजतंय का, एवढंच बघायचं, छत्र्या येऊच द्यायच्या नाहीत, असं त्याने स्वतःला बजावलं. ओला भुसा भरलेल्या बरणीत त्याने चिमूटभर भुकटी रुजत घातली, तोंडाला कापसाचा बोळा लावला आणि बरणी कपड्यांच्या कपाटात, रजयांच्या मागे गेली. पांढरे तंतू धरले तेव्हा तो दिवसभर शीळ घालत होता. मग कामाच्या धबडग्यात बरणीकडे बघायचं राहून गेलं.

आठवण झाली तेव्हा त्याने धावत येऊन कपाट उघडलं. बोळा वर ढकलून छत्र्या बाहेर आल्या होत्या, पार उमलून गेलेल्या. रजयांवर, घडीच्या कपड्यांवर बारीक पांढरा थर होता.

तो वळला. बायको दारात उभी होती. त्याच कपाटातली शाल तिने सकाळपासून पांघरली होती.

"अहो," ती म्हणाली, आणि पुढचं तिला बोलता आलं नाही.