वाल्मिक टेलरची दुहेरी टीप

दहिवलीत पुलाच्या अंगाला वाल्मिकचं शिलाईचं दुकान आहे. दुकान कसलं, एक गाळा, दोन मशिनी, एक इस्त्री आणि भिंतीला टेकवून ठेवलेला आरसा. शिवणकाम करणाऱ्याला आपल्याकडे मास्तर म्हणतात, त्यामुळे सातवीत शाळेला रामराम ठोकलेला वाल्मिक गेली तीस वर्षं मास्तर आहे. त्याच्या मुलीला, रियाला, शाळेत गणित शिकवलेल्या प्रमोदिनीबाईसुद्धा त्याला मास्तरच म्हणतात आणि दर वेळी तो बिचारा अवघडतो.

वाल्मिक दोन गोष्टींसाठी ओळखला जातो. पहिली म्हणजे दुहेरी टीप. एका टिपेवर त्याचा काडीचा विश्वास नाही. पोराची चड्डी असो की मंडळाचा पडदा, एक टीप मारून झाली की तिच्या शेजारी तांदळाच्या दाण्याएवढी जागा सोडून दुसरी पडणारच. मग शिवण दोन्ही हातांत धरून खसकन ओढून बघायची आणि तेव्हाच कपडा गिऱ्हाइकाच्या हवाली करायचा. ‘उसवलं तर मशीन विकून टाकीन,’ हे त्याचं ठरलेलं वाक्य, आणि आजवर ती वेळ आलेली नव्हती.

दुसरी गोष्ट म्हणजे त्याचा प्रश्न. पावसाळ्यात मुंबई-पुण्याहून किल्ले चढायला येणाऱ्यांची कर्जतला जत्रा असते. कुणाच्या जॅकेटची चेन अडकते, कुणाची बाही करवंदीच्या जाळीत फाटते. कुणीतरी कुणालातरी वाल्मिकचा नंबर दिला आणि ब्लाउजपिसांच्या शेजारी लाल-निळी जॅकेटं लटकायला लागली. चेनचा रनर बसवता बसवता वाल्मिक विचारायचा, “वरती काय ठेवलंय रं?”

यात टवाळी नव्हती, त्याला खरंच कळत नव्हतं. त्याचं गाव पेठच्या किल्ल्याच्या पायथ्याशी, आंबिवलीच्या अलीकडे. त्याच्या लहानपणी गावातला माणूस किल्ल्यावर जायचा तो म्हैस हरवली तर. म्हैस सापडली की माणूस खाली. वर नुसताच उभा राहून लांब बघत बसलेला माणूस दिसला असता, तर लोकांनी त्याला देवऋष्याकडे नेला असता. आता शहरातली शहाणीसुरती माणसं तेच करायला येतात आणि त्यासाठी अंगात इतका भारी कपडा घालतात, याचं त्याला नवल वाटायचं. कुणी म्हणे वजन उतरतं, कुणी म्हणे डोकं शांत होतं, कुणी नुसताच हसून फोटो दाखवी. वाल्मिकचं समाधान एकानेही केलं नाही.

प्रमोदिनीबाईंनी मात्र प्रश्न मनावर घेतला. बाई चौसष्ट वर्षांच्या. शाळेतून निवृत्त झाल्या आणि पुढच्याच रविवारी पेठच्या किल्ल्यावर गेल्या. त्यानंतर रविवार चुकवला तर शपथ. सकाळी जामरुखची एसटी, आंबिवलीला उतरायचं, एकटीने चढायचं, वर पेठ गावात सोनाबाईकडे चहा, मग सुळक्याच्या पोटातून कोरलेल्या पायऱ्यांनी माथ्यावर, आणि दुपारच्या गाडीने घरी. नवरा शशिकांतराव गुडघ्यांनी हैराण. ते रविवारभर पेपर वाचत आणि खिडकीतून आभाळ बघत.

“वरती काय ठेवलंय, बाई?” वाल्मिकने विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या, “पुढच्या आठवड्यात सांगते.” आणि खरोखरच पुढच्या आठवड्यात, गृहपाठ करून आल्यासारख्या, दुकानाच्या पायरीवर उभ्या राहिल्या.

“वर काहीच ठेवलेलं नाही, मास्तर. मी अजून पक्की आहे का, एवढंच बघायला जाते. तुम्ही शिवण ओढून बघता ना, तसं दर रविवारी मी मला ओढून बघते.”

हे उत्तर वाल्मिकला पटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी कामाचं बोललं असं त्याला वाटलं.

म्हणूनच जूनमध्ये बाई त्यांचं लाल जॅकेट घेऊन आल्या तेव्हा त्याने जीव ओतून काम केलं. काम तसं किरकोळ होतं. खांद्यावर तारेने फाटलेलं आणि चेन बिघडलेली. खांद्याला आतून तुकडा लावून झाला, तेव्हा त्याला शिवणींवर चिकटवलेली पारदर्शक पट्टी दिसली. एका ठिकाणी तिचं टोक सुटलं होतं. वाल्मिकने ते टोक चिमटीत धरून पाहिलं आणि त्याला राग आला. शिवणीवर चिकटपट्टी! ज्याला आपल्या टिपेचा भरवसा नाही, त्याचे हे धंदे. एवढं महागाचं जॅकेट आणि आत एकेरी टीप, वर डिंक. रियाच्या बाईंच्या अंगावर असला कपडा जाऊ द्यायचा नाही असं त्याने ठरवलं. दुपारभर बसून सगळ्या पट्ट्या सोलून काढल्या, आणि खांदे, पाठ, बाह्या, टोपी, सगळीकडे दुहेरी टीप मारली. या जास्तीच्या कामाचं नावसुद्धा काढलं नाही. जॅकेट देताना खांदा ओढून दाखवला आणि म्हणाला, “आता डोंगर पडंल, पन ही शिवन नाय उसवायची.”

जुलैच्या तिसऱ्या रविवारी बाई वर गेल्या आणि पाऊस चढला. माथ्यावर वारा होता. उतरताना त्यांचे दात वाजायला लागले, मग पाय ऐकेनात. पेठच्या सोनाबाईने त्यांना घरात घेतलं, कपडे बदलले, गोधडीत गुंडाळून चुलीजवळ बसवलं. गावातल्या दोघांनी धरून खाली आणलं. पुढे ताप, छातीत कफ, आठ दिवस दवाखाना. डॉक्टर म्हणाले वय झालं. ठाण्याहून धावत आलेला मुलगा देवव्रत म्हणाला वय झालं. शशिकांतरावांनी बाईंचे बूट उचलून माळ्यावर टाकले.

हे सगळं वाल्मिकला उडतउडत कळलं होतं. वाईट वाटलं, पण त्यात आपला काही संबंध असेल असं त्याच्या स्वप्नातही आलं नाही.

गणपतीच्या आधी, दुकानात ब्लाउजांचा ढीग पडलेला असताना, बाई आल्या. चेहरा उतरलेला, चालणं हळू. पिशवीतून लाल जॅकेट काढून त्यांनी मशीनवर ठेवलं.

“मास्तर, याची भाजीची पिशवी होईल का? चांगलं कापड आहे, वाया नको जायला. ओली मेथी आणली तरी गळणार नाही.”

“असं का, बाई?”

“ओढून बघितलं, मास्तर. शिवण उसवली,” बाई म्हणाल्या आणि हसल्या. “जॅकेट ठीक होतं, तुमचं काम पक्कं होतं. मीच आतून थंड पडले. पूर्वी अंगात ऊब असायची, ती संपली. गुरुवारी येते न्यायला.”

त्यांचं ते हसणं वाल्मिकला बघवलं नाही. त्या गेल्यावर त्याने कात्री घेतली आणि खांदा कापायला जॅकेट उलटं केलं. कात्री हातातच राहिली. त्याने मारलेल्या प्रत्येक टिपेवर बुरशीचे काळे ठिपके होते. दोन-दोन रांगा, मुंग्या निघाल्यासारख्या. जिथे सुई टोचली तिथे ठिपका. खांद्यावर, पाठीवर, टोपीवर, जिथे जिथे त्याचा हात फिरला होता तिथे तिथे. बाकी कापड कोरं होतं.

त्याने तांब्यातून खांद्यावर पाणी ओतलं. थोडा वेळ काही झालं नाही. मग आतून एक थेंब फुगून आला, त्याच्या शेजारी दुसरा. ती पट्टी कशासाठी होती हे त्याला तेव्हा कळलं. सुई भोक पाडते, पट्टी ते भोक बुजवते. त्याने पट्टी काढली होती आणि भोकं दुप्पट केली होती. करायला गेला गणपती आणि झाला मारुती.

त्याने घरी सुंदराला सांगितलं. सुंदरा त्याची बायको, दुसरी मशीन तीच चालवते आणि डोकं त्याच्यापेक्षा जाग्यावर आहे.

“दोन थेंबांनी मानूस आजारी पडतंय व्हय?” ती म्हणाली. “सीझनच्या दिसात गावभर बोभाटा करून घेऊ नका. त्यांचा पोरगा दुकानात येऊन तमाशा करंल. गप पिशवी शिवा न् देऊन टाका. त्यांना तरी कुठं म्हाईत हाय?”

हेच तर होतं. कुणालाच माहीत नव्हतं. तो गप्प राहिला तर त्याची तीस वर्षांची गॅरंटी शाबूत राहणार होती आणि बाई जन्मभर स्वतःला संपलेली समजून भाजीला जाणार होत्या. तोंड उघडलं तर नेमकं उलटं. वाल्मिकने त्यावर एक पळवाट काढली, माणूस काढतोच. तो म्हणाला, दोन थेंबांनी खरंच काही होत नसेल. आधी बघू.

मंगळवारी त्याने ऐन सीझनात दुकान बंद केलं, बाईंचं लाल जॅकेट अंगात कोंबलं आणि जामरुखच्या एसटीत बसला. त्यावरून सुंदराने दोन दिवस अबोला धरला.

पाऊस हवा तसा होता. पेठ गावात सोनाबाई ओसरीवरून बघत होती. चाळीस वर्षांनी वर आलेल्या वाल्मिकला तिने आधी ओळखलं नाही, मग ओळखलं आणि विचारलं, “म्हैस हरवली काय रं?”

“व्हय, तसंच काय तरी,” वाल्मिक म्हणाला. मग त्याने बाईंचं विचारलं.

“बाई व्हय? निळी पडली व्हती गं बाई ती,” सोनाबाई म्हणाली. “आतला कपडा पिळला तर तांब्याभर पानी. खांदं न् पाठ वली, पोट कोरडं. मला नवल वाटलं, वरून पाऊस आन् पोट कोरडं कसं?”

वाल्मिक सुळक्यातल्या पायऱ्या चढून माथ्यावर गेला आणि तिथे मुद्दाम बसला. पहिल्यांदा खांद्यांवर गार रेघा उठल्या. मग मानेवर, टोपीच्या शिवणीखाली. मग पाठीवर दोन उभ्या रेघा. तो डोळे मिटून सांगू शकत होता कोणती शिवण आहे ती. अर्ध्या तासात त्याचे दात वाजायला लागले. तो अठ्ठावन्नचा, शेतात वाढलेला गडी. याच जागी चौसष्टाव्या वर्षी एकट्या बसलेल्या बाई आपल्याच अंगाला दोष देत होत्या, हे त्याच्या मनात आलं आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. समोर ढगांशिवाय काही दिसत नव्हतं. तो उठला आणि घसरत घसरत खाली आला.

गुरुवारी बाई आल्या. पिशवी झालेली नव्हती. वाल्मिकने जॅकेट उलटं करून त्यांच्यापुढे धरलं आणि सगळं सांगितलं. पट्टी, टीप, बुरशी, तांब्याचं पाणी, मंगळवार. सांगताना तो त्यांच्याकडे बघू शकला नाही. बाईंनी चष्मा लावला आणि एकेका ठिपक्यावरून बोट फिरवलं, वही तपासावी तसं.

“म्हणजे थंडी बाहेरून आली होती,” त्या म्हणाल्या.

“व्हय, बाई. माज्यामुळं.”

बाईंचा आवाज चढला. रियाच्या वर्गातही तो इतका चढला नसेल. “महिना झाला, मास्तर. महिनाभर मी आरशात म्हातारी बघतेय. न विचारता हात लावायला कुणी सांगितलं होतं?”

“कुनी नाय.”

“रविवारी घरी या. देवव्रत यायचाय. हे सगळं त्याच्यासमोर सांगा. मी सांगितलं तर म्हणतील, हट्टाला पेटलीय म्हणून पुरावे गोळा करते.”

वाल्मिक गेला. सोबत जॅकेट नेलं आणि पट्टीचं नवं रीळही, जे गरम इस्त्रीने चिकटतं असं त्याला आता कळलं होतं. हॉलमध्ये शशिकांतराव आणि देवव्रत बसले होते, बाई आतल्या खोलीच्या दारात उभ्या होत्या. त्याने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, एक टाका न गाळता. देवव्रत उभाच राहिला. आईचा जीव गेला असता, तुमच्यासारख्या माणसाने मशीनला हात लावू नये, उद्या सगळ्या कर्जतला सांगतो, असं पुष्कळ बोलला. वाल्मिक मान खाली घालून ऐकत होता. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. शशिकांतराव मात्र जॅकेट मांडीवर घेऊन ठिपके बघत होते.

“आणि काही झालं तरी आईचं वय...” देवव्रत म्हणत होता.

आतल्या खोलीत काहीतरी सरकल्याचा आवाज आला. मग लाकूड करकरलं. माळ्यावरचा एक डबा खाली पडला.

शशिकांतरावांनी जॅकेट वाल्मिकच्या हातात दिलं आणि गुडघ्यांवर हात टेकून उठले.

“थांब गं, एकटी चढू नकोस,” ते आत जात म्हणाले. “ते स्टूल डुगडुगतं. मी धरतो, तू बूट काढ.”